भरता येणारे इलेक्ट्रॉनिक फॉर्म : नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील दांडिया बाजार परिसरात आमचे मराठी मंडळ लहान मुलांसाठी उन्हाळ्यात बालनाट्य शिबिर घेते. त्याचे प्रवेश-अर्ज पूर्वी छापील असत; ते आता संगणकावर भरून घेतले जातात. हे काम अंगावर घेणारे बहुतेक कार्यकर्ते संगणकाचे जाणकार नाहीत, म्हणून दर रविवारच्या बैठकीत तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. ते येथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

भरता येणारा फॉर्म म्हणजे नेमके काय? वर्डमध्ये रेघा मारून फाइल पाठवली तर चालत नाही का?

पाठवता येते, पण तो भरता येणारा फॉर्म होत नाही. छापील कागदावरची रेघ ही लिहिणाऱ्याला दाखवलेली जागा असते. संगणकावर तीच रेघ म्हणजे अधोरेखेची चिन्हे एकापुढे एक टाकलेली असतात, आणि त्यांवर कोणी टंकलेखन करू लागले की ती पुढे सरकतात, ओळ मोडते आणि खालचा पत्ता पुढच्या पानावर जातो. भरता येणाऱ्या फॉर्ममध्ये रेघेच्या जागी रकाना असतो. त्याला स्वतःचे नाव असते, त्यात काय मावेल हे ठरलेले असते, आणि त्याच्याभोवतीचा छापील मजकूर भरणाऱ्याला बदलता येत नाही.

सुरुवात कोठून करावी?

शेवटापासून. अर्ज गोळा झाल्यावर आपल्या हाती जी यादी हवी आहे, ती आधी कोऱ्या कागदावर स्तंभ आखून काढावी. आमच्या शिबिराला तीन याद्या लागतात : वयोगटानुसार मुलांची, आणीबाणीत फोन करण्यासाठी पालकांची, आणि शुल्क जमा झाल्याची. या तिन्ही याद्यांचे स्तंभ मोजले तेव्हा अकरा भरले. आमच्या जुन्या छापील अर्जात मात्र सव्वीस रकाने होते, आणि त्यात वडिलांचा व्यवसाय, आईचे शिक्षण, रक्तगट आणि ‘अन्य माहिती’ हेही होते. वडिलांचा व्यवसाय कोणत्या यादीत जातो, असे विचारल्यावर बैठकीत कोणालाच उत्तर देता आले नाही. तो रकाना फक्त पूर्वीपासून होता म्हणून होता.

म्हणून प्रत्येक रकान्यापुढे तो कोण वाचणार आणि वाचून काय करणार हे पेन्सिलीने लिहावे. जेथे काही लिहिता येत नाही तो रकाना काढावा. या कामाला एक संध्याकाळ जाते, पण पुढे आठवडाभराची निस्तरणी वाचते. माझ्या अनुभवात संगणकावरचे काम या कामापेक्षा सोपे आहे.

वेबवरचा फॉर्म करावा की पीडीएफ?

उत्तरे यादीत हवी असतील तर वेबवरचा फॉर्म करावा. उत्तरांचा कागद हवा असेल, म्हणजे तो छापून, सही घेऊन फाइलला लावायचा असेल, तर पीडीएफ करावे. गूगल फॉर्म्ससारख्या साधनात आलेले प्रत्येक उत्तर थेट तक्त्याच्या, म्हणजे स्प्रेडशीटच्या, एका ओळीत जाते. पीडीएफ भरून ईमेलने परत आले तर ते ऐंशी जणांचे ऐंशी वेगळे कागद असतात, आणि त्यांतील माहिती यादीत उतरवण्यासाठी पुन्हा कोणीतरी बसावे लागते.

दुसरा विचार भरणाऱ्याच्या उपकरणाचा. बहुतेक पालक फॉर्म मोबाइलवरच उघडतात. वेबफॉर्म मोबाइलच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतो, तर ए-४ आकाराचे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचे पीडीएफ मोबाइलवर बोटांनी मोठे-लहान करीत भरावे लागते. फोनवरील काही पीडीएफ वाचकांत, म्हणजे पीडीएफ उघडून दाखवणाऱ्या ॲपांत, तर रकाना दिसतो, पण त्यात लिहिता येत नाही. म्हणून आम्ही प्रवेश-अर्ज वेबवर ठेवतो आणि पालकांचे संमतिपत्र पीडीएफमध्ये.

‘नाव’ हा एकच रकाना ठेवला तर काय बिघडते?

बडोद्यात हा प्रश्न इतर गावांपेक्षा जास्त भोवतो. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव असे लिहितो. गुजरातेतील शाळा-कचेऱ्यांत आडनाव आधी लिहिण्याचा प्रघात आहे, आणि येथे वाढलेल्या मराठी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ते तसेच असते. एका वर्षी आम्ही एकच रकाना ठेवला. आलेल्या यादीत काही नावे ‘अथर्व मिलिंद जोशी’ अशी होती, तर काही ‘जोशी अथर्व मिलिंद’ अशी. यादी अक्षरक्रमाने लावली तेव्हा सख्खी भावंडे दोन टोकांना गेली, कारण एकाचा अर्ज आईने भरला होता आणि दुसऱ्याचा वडिलांनी. खरी अडचण आडनावच मुळी नाव वाटावे अशा ठिकाणी होते. ‘किशोर’, ‘प्रधान’ अशा शब्दांत आडनाव कोणते, हे यादी पाहून सांगता येत नाही.

म्हणून तीन रकाने करावेत : मुलाचे नाव, वडिलांचे किंवा आईचे नाव, आडनाव. त्यांचा क्रम कोणताही ठेवला तरी चालतो, कारण प्रत्येकाचा स्तंभ वेगळा राहतो. प्रमाणपत्रावर जे छापायचे आहे, त्याचा मात्र चौथा रकाना ठेवावा आणि त्याखाली ‘प्रमाणपत्रावर जसे हवे तसे, देवनागरीत’ अशी सूचना द्यावी. नाहीतर ‘दिक्षित’ की ‘दीक्षित’ हे छपाईच्या आदल्या रात्री फोन करून विचारावे लागते.

कोणत्या प्रश्नाला कोणत्या प्रकारचा रकाना द्यावा?

अनेकांतून एकच उत्तर निवडायचे असेल तर गोल बटणे द्यावीत, एकाहून अधिक निवडता येत असतील तर चौकोनी खुणा द्याव्यात. या दोहोंची अदलाबदल ही नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक आहे. सकाळची की संध्याकाळची तुकडी, हे चौकोनांत विचारले की काही पालक दोन्ही चौकोनांवर खूण करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

पर्याय सात-आठपेक्षा जास्त झाले तर खाली उघडणारी यादी, म्हणजे ड्रॉपडाउन, बरी पडते. कमी असतील तर ती टाळावी, कारण बंद यादीत काय दडले आहे हे दाबल्याशिवाय दिसत नाही. लांब लिहायचा रकाना जपून द्यावा. ‘मुलाला आधीचा रंगमंचाचा अनुभव’ असा मोकळा रकाना दिला तेव्हा ‘हो’, ‘थोडा’, ‘शाळेत’ आणि गणेशोत्सवातील भूमिकांचे दीड पानी वर्णन अशी सर्व प्रकारची उत्तरे आली. आता आम्ही तेथे तीनच गोल बटणे ठेवतो.

मोबाइल क्रमांक चुकीचे येतात. त्यावर उपाय काय?

गूगल फॉर्म्समध्ये लघु उत्तराच्या प्रश्नाला ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ नावाची तपासणी लावता येते. प्रश्नाच्या कोपऱ्यातील तीन टिंबांच्या मेनूत ती सापडते. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. म्हणून ‘संख्या’ हा प्रकार निवडून ती ६०००००००००  ते ९९९९९९९९९९ यांच्या दरम्यान असावी, असा नियम घालावा. फॉर्ममध्ये या मर्यादा इंग्रजी अंकांत टंकाव्यात. नियम मोडल्यावर दिसणारे वाक्यही आपणच लिहायचे असते. तेथे ‘अवैध’ असा एकच कठोर शब्द न टाकता ‘क्रमांक दहा अंकी लिहावा, आधी शून्य किंवा ९१ लावू नये’ असे सांगावे.

आपल्याकडे यात आणखी एक पेच असतो. देवनागरी अंक, गुजराती अंक आणि इंग्रजी अंक हे आपल्या डोळ्याला एकाच संख्येची तीन रूपे वाटतात, पण यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना व अंकांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्या तिन्हींचे सांकेतिक क्रमांक वेगवेगळे आहेत. एका आजींनी गुजराती कळफलक चालू ठेवूनच दूरध्वनी क्रमांक लिहिला होता, आणि तपासणी नसल्यामुळे तो तसाच यादीत आला. वाचायला काहीच अडचण नव्हती, पण तोच क्रमांक दुसऱ्या यादीशी जुळवून पाहिला तेव्हा जुळेना. म्हणून आकड्यांच्या प्रत्येक रकान्याखाली ‘इंग्रजी अंकांत लिहावे’ ही सूचना ठेवणे योग्य. या लेखातील आकडे देवनागरीत आहेत याची मला कल्पना आहे. वाचनाचा आकडा आणि यादीतला आकडा यांत मी भेद करतो.

घरच्या दूरध्वनीचा रकाना ठेवलाच, तर बडोद्याचा ०२६५ हा संकेतांक वेगळा विचारू नये. तक्ता त्याला संख्या समजतो आणि आधीचे शून्य गाळून २६५ एवढेच ठेवतो. ज्या स्तंभात शून्य जपायचे आहे त्याचे स्वरूप आधीच ‘साधा मजकूर’ असे करून ठेवावे.

जन्मतारीख कशी विचारावी?

तारखेच्या प्रकाराचाच रकाना द्यावा, म्हणजे ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद उरत नाही. मात्र त्यातही एक खोच आहे. दिनदर्शिका उघडते ती चालू महिन्यात, आणि घाईतला पालक दिवस-महिना निवडून वर्ष तसेच ठेवतो, त्यामुळे आमच्या यादीत एकदा नाट्यशिबिराला येणारी चार नवजात बालके दिसली. शेजारी ‘१ मे रोजी पूर्ण झालेले वय’ असा छोटा रकाना ठेवला की ही चूक लगेच उघडी पडते.

फोटो किंवा दाखला जोडायला सांगितले की लोकांना लॉगिन का करावे लागते?

गूगल फॉर्म्समध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गूगल खात्यातून आत यावेच लागते, आणि ती फाइल फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये साठते. मोफत खात्याची एकूण जागा १५ जीबी आहे व त्यात ईमेलही मोजली जाते. फोटो खरोखर लागत नसेल तर मागूच नये. लागत असेल तर पहिल्या दिवशी शिबिरातच काढावा.

पीडीएफ फॉर्म विनाशुल्क कसा तयार करावा?

ॲडोबीच्या मोफत रीडरमध्ये फॉर्म भरता येतो, पण तयार करण्यासाठी त्यांचे सशुल्क ॲक्रोबॅट लागते. आम्ही त्याऐवजी वर्डसारखाच लिब्रेऑफिस रायटर वापरतो. तो मोफत आहे आणि या कामाला पुरेसा आहे.

आधी मजकूर नेहमीप्रमाणे लिहावा आणि प्रश्न व उत्तर यांसाठी दोन स्तंभांचा तक्ता करावा. मग ‘फॉर्म’ मेनूत जाऊन ‘डिझाइन मोड’ चालू करावा, ‘टेक्स्ट बॉक्स’ निवडावा आणि उजव्या स्तंभातील घरात माउसने चौकट ओढावी. चौकट ‘ॲज कॅरेक्टर’ पद्धतीने बांधावी, म्हणजे वर एखादी ओळ वाढली तरी ती आपल्या घरातच राहते. हे न केल्यास सर्व चौकटी पानभर भटकतात, आणि नवशिके कंटाळतात ते येथेच. चौकटीवर उजवी कळ दाबून ‘कंट्रोल प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे रकान्याचे नाव, कमाल अक्षरसंख्या आणि मदतीचा मजकूर देता येतो. दृष्टिहीन व्यक्ती वापरतात त्या स्क्रीन रीडरला हाच मदतीचा मजकूर उपयोगी पडतो, म्हणून तो रिकामा सोडू नये.

रकान्यांना ‘टेक्स्ट बॉक्स १’, ‘टेक्स्ट बॉक्स २’ अशी आपोआप पडलेली नावे तशीच ठेवू नयेत. नावे देताना ध्यानात ठेवावे, की पीडीएफच्या नियमाप्रमाणे एकाच नावाचे दोन रकाने हे एकच रकाना समजले जातात आणि एकात लिहिलेले दुसऱ्यातही उमटते. मुलाचे नाव पहिल्या पानावर लिहिले की संमतिपत्राच्या दुसऱ्या पानावर आपोआप यावे असे वाटत असेल, तर हा गुणच आहे. त्यासाठी रायटरमधून पीडीएफ म्हणून निर्यात (एक्सपोर्ट) करताना समान नावांना परवानगी देण्याच्या पर्यायावर खूण करावी. पण आईचा व वडिलांचा मोबाइल या दोन्ही रकान्यांना ‘मोबाइल’ हेच नाव दिले, तर तोच गुण घात करतो.

शेवटी ‘फाइल’ मेनूतून पीडीएफ म्हणून निर्यात करताना ‘क्रिएट पीडीएफ फॉर्म’ या चौकोनावर खूण असल्याची खात्री करावी. मूळ रायटर फाइल जपून ठेवावी, कारण पुढच्या वर्षीची तारीख बदलायला तीच लागते.

वर्डमध्ये फॉर्म केला, रकानेही चालत होते; पण पीडीएफ केल्यावर ते नुसते चित्रासारखे दिसतात. असे का?

वर्डचे ‘डेव्हलपर’ टॅबमधील रकाने वर्डच्या फाइलपुरतेच जिवंत असतात. वर्डमधून पीडीएफ केले की त्यांची फक्त छबी उरते. फाइल वर्डमध्येच भरून घ्यायची असेल तर ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ मधून केवळ फॉर्म भरण्याची मुभा ठेवून ती पाठवता येते.

पीडीएफच्या रकान्यात मराठी लिहिल्यावर अक्षरे का तुटतात?

याचे कारण आपल्या लिपीच्या रचनेत आहे. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला क च्या आधी दिसते, पण यूनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते. ती डावीकडे नेऊन ठेवणे, ‘श्र’, ‘क्ष’, ‘र्थ’ ही जोडाक्षरे घडवणे, हे दाखवणाऱ्या प्रणालीचे काम आहे. पानावरचा स्थिर मजकूर निर्यातीच्या वेळीच घडवून पक्का केलेला असतो, म्हणून तो नीट दिसतो. रकान्यातला मजकूर मात्र भरणाऱ्याच्या संगणकावर त्या क्षणी घडवावा लागतो आणि काही पीडीएफ वाचक तेथे कमी पडतात. रावपुऱ्यातील एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही भरलेले संमतिपत्र छापायला दिले, तर ‘किरण’ मधली वेलांटी क च्या उजवीकडे उभी होती आणि ‘अथर्व’ मधला रफार सुटून हलन्त र झाला होता. घरच्या संगणकावर तोच कागद स्वच्छ दिसत होता.

उपाय दोन. रकान्याला निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी असा यूनिकोड फॉन्ट द्यावा आणि किमान तीन वेगवेगळ्या वाचकांत तो भरून छापून पाहावा. तरीही भरवसा वाटत नसेल तर मराठीत लिहायचे रकाने वेबफॉर्मवर न्यावेत, कारण आजचे ब्राउझर देवनागरी व्यवस्थित घडवतात, आणि पीडीएफमध्ये केवळ खुणा, तारखा व सहीची जागा ठेवावी. आम्ही दुसरा उपाय स्वीकारला.

जुन्या अर्जाचा मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. काय करावे?

तो मजकूर कृतीदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असतो. त्यात खरोखर इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. परिवर्तकातून, म्हणजे जुना मजकूर बदलून देणाऱ्या साधनातून, तो यूनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे ओळीने तपासावी लागतात. पानभर मजकुरासाठी पुन्हा टंकणे अधिक लवकर होते.

कागदी फॉर्म स्कॅन करून त्यावरच रकाने बसवले तर?

नमुना ठरलेला असेल आणि त्यात बदल करण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तरच तसे करावे. स्कॅन केलेले पान हे एक छायाचित्र असते, थोडे तिरके असले तरी रकाने रेघांवर बसत नाहीत, आणि फाइलही जड होते.

मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत फॉर्म हवा आहे. दोन फॉर्म करावेत का?

करू नयेत. दोन फॉर्म म्हणजे दोन याद्या, आणि त्या जुळवण्याचे काम वाढते. पहिल्या प्रश्नात भाषा विचारून दोन वेगळ्या विभागांत पाठवण्याची युक्ती आकर्षक दिसते, पण त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे तक्त्यात दोन स्तंभ होतात. एकाच प्रश्नात आधी मराठी, तिरकी रेघ आणि मग गुजराती असे लिहावे. पर्यायांचेही तसेच करावे. निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे छापताना वळण वेगळे दिसत नाही.

शब्द निवडताना दोन्ही भाषांत ओळखीचा शब्द आधी शोधावा. ‘तारीख’, ‘सही’, ‘अर्ज’ हे शब्द दोन्हीकडे समजतात, मग ‘दिनांक’ आणि ‘स्वाक्षरी’ यांचा हट्ट कशाला? या गावाला असा विचार नवा नाही. बडोदे संस्थानाने सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडणारा कोश प्रसिद्ध केला होता.

एखादा पीडीएफ फॉर्म उघडल्यावर ‘कृपया थांबा’ एवढेच दिसते. तो बिघडला आहे का?

बहुधा नाही. तो एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीचा फॉर्म असतो आणि अनेक ब्राउझरांत व फोनवर तो उघडत नाही. संगणकावर उतरवून ॲडोबी रीडरमध्ये उघडावा. आपण नवा फॉर्म करताना ही पद्धत वापरू नये. पीडीएफच्या २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाने ती कालबाह्य ठरवली आहे.

फॉर्ममध्ये नाव टंकले म्हणजे सही झाली का?

मंडळाच्या शिबिरापुरती ती संमतीची नोंद म्हणून पुरते, पण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ज्याला डिजिटल सही म्हणतो ती ही नव्हे. तेथे प्रमाणपत्रावर आधारित सही लागते. सहलीच्या संमतिपत्रासारख्या गोष्टीला आम्ही छापील कागदावर पेनानेच सही घेतो.

शुल्क फॉर्ममध्येच घेता येते का?

गूगल फॉर्म्समध्ये पैसे घेण्याची स्वतःची सोय नाही. यूपीआयचा क्यूआर कोड चित्र म्हणून ठेवता येतो आणि खाली व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारता येतो. हा क्रमांक एक्सेलमध्ये नेताना स्तंभ आधी ‘मजकूर’ करावा, कारण अकराहून अधिक अंकांची संख्या एक्सेल घातांकाच्या रूपात दाखवतो आणि खजिनदार घाबरतात.

आधार क्रमांक मागावा का?

मागू नये. शिबिराला तो लागत नाही, आणि जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून फुटूही शकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगून संमती घेणे हे सूत्र आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. म्हणून फॉर्मच्या माथ्यावर दोन वाक्यांत लिहावे की ही माहिती कोण पाहील आणि शिबिर संपल्यावर ती केव्हा पुसली जाईल. उत्तरांचा तक्ता ‘दुवा असलेल्या कोणालाही’ खुला ठेवणे ही मी पाहिलेली सर्वांत धोक्याची सवय आहे. मुलांची नावे, पत्ते आणि पालकांचे क्रमांक असलेली यादी अशा दुव्याने व्हॉट्सॲपच्या गटात फिरते आणि परत बोलावता येत नाही. तक्ता नावानिशी दोघा-तिघांनाच दाखवावा.

फॉर्म सर्वांना पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

स्वतः भरून पाहणे पुरेसे नाही, कारण प्रश्न ज्याने लिहिले त्याला उत्तरे ठाऊक असतात. घरातील अशा एका व्यक्तीला तिच्याच फोनवर फॉर्म भरायला द्यावा जिला या कामाची काहीच माहिती नाही, आणि आपण शेजारी गप्प बसावे. ती जेथे थांबते, वर पाहते किंवा ‘हे म्हणजे काय?’ विचारते, तेथील वाक्य बदलावे. तोंडी समजावून सांगण्याचा मोह आवरावा. इतर पालकांच्या शेजारी आपण नसणार. मग मुद्दाम चुकीची उत्तरे टाकावीत : नऊ अंकी मोबाइल, पुढच्या वर्षीची जन्मतारीख, गुजराती अंक. पीडीएफ असेल तर टॅब कळ दाबत वरपासून खालपर्यंत जावे. ती नावावरून थेट सहीवर उडी मारीत असेल तर लिब्रेऑफिसच्या ‘टॅब ऑर्डर’ मध्ये क्रम लावावा. शेवटी चाचणीची उत्तरे पुसावीत. आमच्या अंतिम यादीत एकदा ‘अबक अबक अबक’ नावाचा मुलगा सकाळच्या तुकडीत दाखल झाला होता, आणि त्याच्या नावाने बिल्लाही छापून आला.

ज्यांना मोबाइलवर भरणे जमत नाही त्यांचे काय?

त्यांचा अर्ज मंडळात बसलेल्या कार्यकर्त्याने विचारून त्याच वेबफॉर्मवर भरावा. वेगळी वही ठेवू नये, नाहीतर ती नावे यादीत शेवटपर्यंत येत नाहीत.

मुदत संपल्यावरही अर्ज येत राहतात. ते कसे थांबवावेत?

गूगल फॉर्म्समध्ये उत्तरे स्वीकारण्याचे बटण बंद करावे आणि तेथेच बंद झाल्याचा संदेश लिहावा. प्रतीक्षा यादी असल्यास त्या संदेशात कार्यालयाची वेळ द्यावी. फॉर्म पुसून टाकू नये. पुढच्या वर्षी त्याचीच प्रत काढून तारखा बदलता येतात.